सेव्हन कार्ड स्टड : पहिली तीन पाने एकाच रंगाची, पण लहान असतील तर खेळावे का?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमच्या सोसायटीतले आम्ही आठ जण दर शनिवारी रात्री जेवणे उरकली की पत्ते खेळायला बसतो. पूर्वी रमी आणि मेंढीकोट चालायचे, दिवाळीत तीन पत्ती व्हायची, आणि गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सेव्हन कार्ड स्टड हा पोकरचा प्रकार शिकलो आहोत. त्यात प्रत्येकाला स्वतःची सात पाने मिळतात, पहिली दोन व सातवे झाकलेले आणि मधली चार उघडी; तिसऱ्या पानापासून प्रत्येक पानानंतर बोली होते आणि शेवटी सर्वांत चांगल्या पाच पानांचा हात धरतात. पैसे कोणी लावत नाही. चैत्रात चिंच फोडताना जमवून ठेवलेले चिंचोके आम्ही प्रत्येकी दोनशे वाटून घेतो. प्रत्येक डावाचा बूट १ चिंचोका, ज्याचे उघडे पान सर्वांत लहान त्याची सक्तीची बोली २, चौथ्या पानापर्यंत पूर्ण बोली ५ आणि पाचव्या पानापासून पुढे १०, असा आमचा ठरलेला हिशेब आहे.

मागच्या शनिवारच्या एका डावाबद्दल विचारायचे आहे. माझी झाकलेली पाने बदाम दुर्री आणि बदाम छक्की होती आणि उघडे पान बदाम सत्ती होते. इतरांची उघडी पाने अशी : किलवर तिर्री, इस्पिक राजा, बदाम गुलाम, चौकट नव्वी, बदाम चव्वी, किलवर दश्शी आणि इस्पिक पंजी. किलवर तिर्रीला सक्तीचे २ द्यावे लागले, इस्पिक राजाने बोली ५ वर नेली, चौकट नव्वीने कॉल केला, म्हणजे तितकेच दिले, मीही केला आणि बाकी सगळे पॅक झाले. चौथे पान मला चौकट राणी आले, म्हणजे उपयोग झाला नाही. तरीही राजाच्या ५ ला नव्वीने आणि मी दोघांनीही कॉल केला. पाचवे पान बदाम नव्वी आले, त्यावर राजाने १० लावले, चौकट नव्वी पॅक झाली, मी राहिले. सहावे किलवर एक्का आले आणि मी पुन्हा १० दिले. सातवे झाकलेले पान उचलले तर बदाम तिर्री, आणि माझा कलर, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, पूर्ण झाला. मी आनंदाने १० लावले, समोरून २० आले, मी तेही दिले. पाने उघडल्यावर समोर एक्क्यापासूनचा इस्पिकचा कलर निघाला. त्यांचे उघडे राजा, छक्की आणि गुलाम इस्पिकचेच होते आणि चौकट चव्वी मध्ये येऊन पडली होती. एका डावात माझे ५१ चिंचोके गेले.

यावरून मी असा निष्कर्ष काढला आहे की लहान पानांचा कलर मोठ्या पानांच्या कलरपुढे हरतो, म्हणून तो सुरुवातीलाच सोडावा. हा निष्कर्ष बरोबर आहे का? आणि पुढच्या वेळी तीन लहान बदाम हातात आले तर नेमके काय पाहून ठरवावे? ज्यांनी हा खेळ दीर्घकाळ खेळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकडेमोड

गोदाकाठ ताई, आपण डाव पानासकट लिहिलात हे फार बरे केलेत. आपला निर्णय योग्य दिशेचा आहे, परंतु त्यामागचे कारण मला पटत नाही, आणि कारण चुकीचे राहिले तर पुढच्या डावात निर्णयही चुकेल.

लहान कलर मोठ्या कलरपुढे हरतो ही भीती मुख्यतः होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकारातून आलेली आहे. तिथे मधली पाच पाने सर्वांची सामाईक असतात, त्यामुळे मध्ये तीन बदाम पडले की दोन-तीन जणांचा बदामाचाच कलर होऊ शकतो आणि मग ज्याच्या हातात मोठा बदाम त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे. स्टडमध्ये प्रत्येकाची पाने स्वतंत्र असतात. तुमच्याकडे पाच बदाम आले की इतर सर्वांमध्ये मिळून आठच बदाम उरतात, आणि दोन कलर समोरासमोर येण्यासाठी दुसऱ्याचाही वेगळा डाव पूर्ण जमावा लागतो. असे होते, तुमच्या बाबतीत झालेही, पण रोज होत नाही. सत्तीपासूनचा कलरसुद्धा सिक्वेन्सला, तीन एक्क्यांना आणि कोणत्याही दोन जोड्यांना हरवतो.

लहान पानांचा खरा तोटा वेगळा आहे. समजा तुमच्याकडे बदाम एक्का, राजा आणि सत्ती असती, आणि समोरच्या सात उघड्या पानांत एकही बदाम, एक्का किंवा राजा नसता. न पाहिलेली पाने ४२ उरतात. चौथे पान बदाम येण्यासाठी १० पाने चालतात, आणि एक्क्याची किंवा राजाची जोडी होण्यासाठी आणखी ६ पाने चालतात. म्हणजे ४२ पैकी १६ पानांनी, अर्थात ३८ टक्के वेळा, हात सुधारतो. दुर्री-छक्की-सत्तीला फक्त ते १० बदाम चालतात, म्हणजे २४ टक्के. सत्तीची जोडी जमली तरी समोर राजा उघडा बसलेला असताना तिच्यावर चिंचोके लावता येत नाहीत. मोठ्या पानांना जिंकण्याचे दोन रस्ते असतात, लहान पानांना एकच, आणि तो एक रस्ताही इतरांच्या उघड्या पानांनी अडवलेला असू शकतो.

तुमच्या डावात तसेच झाले होते. बदाम गुलाम आणि बदाम चव्वी समोर उघडे पडले होते, म्हणजे १० ऐवजी ८ बदाम शिल्लक होते. सातही पानांपर्यंत राहायचे असे धरले तर तीन बदामांचा कलर होण्याची शक्यता, कोणाचेच पान दिसत नसेल तेव्हा, सुमारे १८ टक्के असते. सात उघड्या पानांत एकही बदाम नसेल तर ती २३.६ टक्के होते, दोन बदाम दिसत असतील तर १५.८ टक्के आणि तीन दिसत असतील तर १२.३ टक्के. हातातली पाने तीच आहेत, फक्त इतरांच्या पानांकडे पाहिल्याने त्यांची किंमत जवळपास दुप्पट किंवा निम्मी होते.

मात्र हे आकडे शेवटपर्यंत टिकण्याचे आहेत आणि ते फसवे आहेत, कारण शेवटपर्यंत टिकण्याची किंमत मोजावी लागते. एकही बदाम गेलेला नसताना जे २३.६ टक्के येतात, त्यांतले १३ टक्क्यांच्या आसपासच चौथे पान बदाम आल्यामुळे मिळतात. उरलेले सुमारे ११ टक्के हे चौथे पान वाया गेल्यावरही बोली देत राहून मिळवायचे असतात, आणि ते महाग पडतात.

मी तुमच्या टेबलाच्या बोलीने ढोबळ हिशेब मांडला. समोर दोन जण आहेत, ते सहाव्या पानापर्यंत टिकतात, शेवटची बोली त्यांतला एक जण देतो, आणि चौथे पान बदाम आले तरच मी पुढे जातो, नाहीतर पॅक, असे धरले. एकही बदाम गेलेला नसेल तर तिसऱ्या पानावर दिलेल्या ५ चिंचोक्यांचे सरासरीने ८ परत येतात. दोन बदाम गेलेले असतील तर तेच ५ देऊन साडेचारच्या आत परत येतात. आणि एकही बदाम गेलेला नाही पण समोर एकच खेळाडू उरला आहे, अशा वेळीही ५ चे ४ च्या जवळपास होतात. त्यामुळे तिसऱ्या पानावरचा तुमचा कॉल चुकला असे म्हणावे लागेल, परंतु ती चूक अर्ध्या-पाऊण चिंचोक्याची आहे.

मोठी चूक चौथ्या पानावर आहे. चौकट राणी आली तेव्हा तुमच्याकडे तीनच बदाम राहिले, तीन पाने यायची होती आणि न पाहिलेल्या ३९ पानांत ८ बदाम होते. तीनपैकी किमान दोन बदाम येण्याची शक्यता १० टक्के. पाचवे पान बदाम आले नाही तर सोडायचेच असे ठरवले तर ती ७ टक्क्यांवर येते. तिथे दिलेल्या ५ चिंचोक्यांतले तीनसुद्धा सरासरीने परत येत नाहीत. पाचवे पान बदाम आल्यावर मात्र तुमचा कॉल बरोबर होता. पॉटमध्ये ५० होते, द्यायचे १० होते, आणि कलर होण्याची शक्यता एकतृतीयांशाहून थोडी अधिक होती. म्हणजे ज्या ठिकाणी तुम्ही सर्वांत जास्त चिंचोके दिलेत तिथे तुम्ही फारसे चुकला नाहीत. तिथपर्यंत जायला नको होते, इतकेच.

सातपूरकर

आकडेमोड सरांनी हिशेब मांडला आहे, त्यात मला बदल सुचवायचा नाही. मी कारखान्यातल्या रात्रपाळीच्या मित्रांबरोबर बरीच वर्षे हा खेळ खेळलो आहे, आणि माझ्या पाहण्यात नवीन माणूस लहान कलरमागे का धावतो त्याचे एक साधे कारण आहे. आपल्याकडे प्रत्येकाचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो. तीन पत्तीत तीन पाने एकाच रंगाची आली की तो कलर असतो, डाव लागलेला असतो, आणि मग दुर्री-छक्की-सत्ती असली तरी माणूस चाल देतोच. स्टडमध्ये त्याच तीन पानांना अजून काहीही लागलेले नसते, सातातली चार पाने यायची असतात, पण डोळ्यांना मात्र लागलेला हातच दिसतो. शिवाय पहिली तीन पाने एकाच रंगाची साधारण १९ डावांतून एकदा येतात, त्यामुळे बराच वेळ पॅक होऊन कंटाळलेल्या माणसाला ती सोडवत नाहीत. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर, हा बदल सगळ्यांच्या लक्षात राहतो. हा दुसरा बदल लक्षात यायला वेळ लागतो.

ताई, माझी एक सवय सांगतो. पाने वाटून झाली की मी माझी झाकलेली दोन पाने लगेच उचलत नाही. आधी सातही उघडी पाने डावीकडून उजवीकडे एकदा नीट पाहतो आणि मनात चारच आकडे धरतो : बदाम किती, चौकट किती, किलवर किती, इस्पिक किती. तुमच्या डावात तुमचे पान सोडून ते दोन, एक, दोन, दोन असे होते. मग माझी पाने उचलतो. उलट क्रमाने केले, म्हणजे आधी तीन बदाम पाहिले आणि मग टेबलाकडे पाहिले, तर मन बदाम मोजताना काचकूच करते. दिसलेले पान न दिसल्यासारखे होते. आणि लोक पॅक होताना आपले उघडे पान पालथे करून गठ्ठ्यात सारतात, त्यानंतर ते पान कोणाला विचारता येत नाही. पहिल्या फेरीतच मोजले नाही तर पाचव्या पानावर बसून आठवायचा प्रयत्न करावा लागतो, आणि तिथे बोली दुप्पट झालेली असते.

माझा स्वतःचा नियम असा आहे : तीनही पाने नव्वीच्या खाली असतील तर माझ्या रंगाचे एक पान गेलेले चालते, दोन गेलेली असतील तर फक्त फुकट किंवा सक्तीच्या बोलीइतक्या किमतीत, तीन गेलेली असतील तर पाने पालथी.

शेवटच्या बोलीबद्दलही लिहितो, कारण त्याबद्दल कोणी बोललेले नाही. समोर इस्पिकचे राजा, छक्की आणि गुलाम उघडे दिसत असताना नव्वीपासूनच्या कलरवर आपण होऊन १० लावण्याची गरज नव्हती. तुमची एक्का-राणी उघडी असल्याने बोलण्याची पहिली पाळी तुमची होती. तिथे नुसते चेक म्हणून, म्हणजे बोली न लावता पाळी पुढे देऊन, समोरच्याच्या १० ला कॉल दिला असता तर २० ऐवजी १० गेले असते. लहान कलर जिंकतो तेव्हा बहुतेक वेळा समोरचा दोन जोड्यांवर किंवा तीन सारख्या पानांवर असतो, आणि समोर एकाच रंगाची तीन पाने उघडी असली की ती खात्री राहत नाही.

इंदिरानगरवाली

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते, कारण वरचे वाचून एखादा नवीन खेळाडू लहान कलर कधीच खेळणार नाही.

आकडेमोड यांनी समोर दोन जण धरले आहेत. घरगुती टेबलावर पाच-पाच जण पहिल्या फेरीत राहतात, राजा उघडा असलेला माणूससुद्धा कधी कधी बोली वाढवत नाही, आणि सगळे सक्तीच्या २ मध्येच चौथे पान पाहतात. अशा वेळी २ चिंचोके देऊन पंधरा-सोळाचा पॉट समोर असतो, आणि कलर लागला तर पैसे देणारे चार जण असतात. जोडी घेऊन बसलेल्या माणसाला पाच जणांपुढे टिकणे अवघड जाते, कलरमागे असलेल्याला मात्र जितके लोक जास्त तितके चांगले. त्यात माझे स्वतःचेच उघडे पान सर्वांत लहान असले तर सक्तीची बोली मलाच द्यायची असते, आणि कोणी वाढवले नाही तर चौथे पान फुकटच मिळते. तिथे लहान कलर सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

लहान पानांचा एक फायदाही आहे. सत्ती आणि चव्वी उघडी दिसली की समोरचा सावध होत नाही. एक्का आणि राणी एकाच रंगाच्या उघड्या पडल्या की लोक पॅक होतात आणि लागलेल्या कलरला मोल येत नाही. तसेच तीन लहान पाने चव्वी-पंजी-छक्की अशी सलग असतील तर सिक्वेन्सचा दुसरा रस्ता उघडतो, आणि आकडेमोड यांचा एकाच रस्त्याचा आक्षेप तिथे लागू होत नाही. ताईंची दुर्री-छक्की-सत्ती तशी नव्हती, हे मान्य आहे.

एक ठिकाण मात्र असे आहे जिथे मी चार बदाम हातात असूनही थांबते. चौथ्या पानावर समोरच्याच्या पहिल्या उघड्या पानाची जोडी झाली, म्हणजे राजावर राजा पडला, की त्याच्याकडे तीन राजे असण्याची शक्यता असते आणि तेव्हा बोलीही ५ ऐवजी १० करता येते. तीन राजांवरून फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) झाले तर सत्तीचा कलर काय आणि एक्क्याचा कलर काय, दोन्ही सारखेच हरतात.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मी त्या डावाची पाने पुन्हा जेवणाच्या टेबलावर मांडून पाहिली. बदाम गुलाम माझ्या अगदी समोरच्या खुर्चीपुढे होता, आणि तो पॅक झाला तेव्हा मला बरेच वाटले होते, कारण गुलाम म्हणजे माझ्यापेक्षा मोठे पान गेले असे मी समजले. तो माझाच एक बदाम होता, हे माझ्या मनात त्या वेळी आलेच नव्हते.

एक शंका राहते. आकडेमोड सर, चौथे पान बदाम आले पण त्याच फेरीत समोरच्या दोघांनाही बदामच आले, तर चार बदाम हातात घेऊन पुढे जावे का? तुम्ही चौथे पान लागले की पुढे जायचे असे लिहिले आहे, म्हणून विचारते.

आकडेमोड

ताई, हा प्रश्न अगदी नेमका आहे. इंदिरानगरवाली यांनी सक्तीच्या बोलीतल्या चौथ्या पानाबद्दल जे लिहिले आहे तेही मला मान्य आहे. माझा हिशेब बोली ५ वर गेल्यानंतरचा होता.

तुमच्या शंकेतल्या डावाचे आकडे मांडून पाहू. तुमच्याकडे चार बदाम, पहिल्या फेरीत दोन गेलेले, आता आणखी दोन, म्हणजे आठ बदाम दिसले आणि पाच शिल्लक राहिले. न पाहिलेली पाने ३९ आणि यायची पाने तीन. तीनपैकी एक तरी बदाम येण्याची शक्यता ३४ ते ३५ टक्के येते. एकही बदाम गेलेला नसता तर तीच सुमारे ५६ टक्के झाली असती. पॉटमध्ये तोपर्यंत २५ जमलेले असतात आणि त्या फेरीची बोली ५ च असते, त्यामुळे समोर दोघे असतील आणि कोणाचीही उघडी जोडी नसेल तर मी ते ५ देऊन पाचवे पान पाहीन, पण आपण होऊन बोली वाढवणार नाही. पाचवे पान वाया गेले आणि त्यातही समोर आणखी एक बदाम पडला तर चारच बदाम शिल्लक राहतात, न पाहिलेली पाने ३६ आणि यायची पाने दोन, म्हणजे जेमतेम २१ टक्के, आणि आता द्यायचे असतात १०. एकच खेळाडू समोर असेल तर मी तिथे चारही बदाम पालथे करतो. दोघेही टिकून असतील आणि दोघांनीही १० दिलेले असतील तर पॉट साठचा झालेला असतो. तिथे एक बोली देता येते, परंतु त्या दोघांपैकी कोणाची जोडी उघडी पडलेली नाही हे आधी पाहून घ्यावे.